माल्टाचा फेस्ता: एका गावाचा अख्खा आठवडा कसा गाठायचा

माल्टाचं विमानतिकीट काढायच्या आधी गाव ठरवा. हॉटेल आणि समुद्रकिनारे नंतर बघता येतील. या बेटावर मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या गावाच्या मालकीचा असतो. गाव न ठरवता गेलेली माणसं तीन गावांत अर्धा अर्धा तास उभी राहतात आणि आतषबाजीचे चार व्हिडिओ घेऊन परततात. पहिल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एकाच गावात आठ दिवस राहिले, तेव्हा कळलं की शनिवार रात्रीची आतषबाजी हा त्या आठवड्याचा एक तुकडा आहे. तुम्हाला पहिल्याच खेपेला हे जमावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

फेस्ता म्हणजे गावच्या पालक संताचा वार्षिक सण. गोव्यातलं फेस्त पाहिलेल्यांना त्याची रचना ओळखीची वाटेल. आधीच्या प्रार्थना (तिकडे नऊ दिवसांचं नोव्हेना, इथे बहुधा तीन दिवसांचं ‘त्रिदू’), मोठी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), मूर्तीची मिरवणूक, ब्रास बँड, खाण्याच्या गाड्या. ज्यांनी फक्त गणेशोत्सव पाहिलाय त्यांनाही इथे परकं वाटणार नाही, कारण गावचा ‘काझीन ताल-बांदा’, म्हणजे बँड क्लब, हे थेट आपल्या मंडळासारखं प्रकरण आहे. स्वतःची जागा, तळमजल्यावर बार, भिंतीवर जुन्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, वर्षभर चालणारी पैशांची जमवाजमव, आणि दुसऱ्या क्लबशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चुरस. या चुरशीला माल्टीज भाषेत ‘पिका’ म्हणतात. मानाचे गणपती आणि विसर्जनाच्या रांगेतले वाद माहीत असलेल्या माणसाला ‘पिका’ समजावून सांगावी लागत नाही.

माल्टा, गोझो आणि चिमुकलं कोमिनो मिळून हा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईहून लहान. भाषा अरबी कुळातली, पण लिपी रोमन. लोक कडवे कॅथलिक, तरी देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला ‘रान्दान’. हा शब्द रमजानवरून आलेला. इंग्रजीही राजभाषा आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण येत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने माल्टातल्या गावोगावच्या फेस्त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तारीख: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

इंटरनेटवर संताचा दिवस शोधून तिकीट काढू नका. सेंट जॉर्जचा चर्चमधला दिवस २३ एप्रिल. पण गोझोच्या व्हिक्टोरिया शहरात त्याचा मोठा फेस्ता जुलैच्या तिसऱ्या रविवारी असतो. कारण साधं आहे: रस्त्यावरचा सण उन्हाळ्यात हवा, पाऊस नको. म्हणून बऱ्याच गावांनी रस्त्यावरचा फेस्ता चर्चच्या तारखेपासून सोडवून एखाद्या ठरावीक रविवारला बांधून टाकलाय. ‘जूनचा दुसरा रविवार’ म्हणजे झेब्बूज गावचा सान फिलेप, ‘जूनचा तिसरा रविवार’ म्हणजे इमआब्बा गावची लिलीची माता. स्थानिक माणसं तारीख सांगतच नाहीत, रविवार सांगतात.

काही सण मात्र वार कुठलाही असो, तारखेलाच होतात. १० फेब्रुवारी (सेंट पॉलचं जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं त्याची आठवण), २९ जून (इमनार्या, संत पीटर आणि पॉलचा सण), १० ऑगस्ट (बिर्गू गावचा सान लॉरेन्झ), १५ ऑगस्ट (सांता मारिया, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण), ८ सप्टेंबर (वित्तोर्या, विजयाचा दिवस), ८ डिसेंबर (मेरीमातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण). यातल्या बिर्गूच्या सणाखेरीज बाकी सगळ्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

तिसरा प्रकार ईस्टरबरोबर सरकणारा. ईस्टर म्हणजे २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. तिथी-पंचांगाची सवय असलेल्या आपल्याला हे अवघड नाही. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. त्यावरून गुड फ्रायडे २६ मार्चला आणि उपासाच्या काळाआधीच्या कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार ९ फेब्रुवारीला. व्हॅलेटाला लागून असलेल्या फ्लोरियानाचा सेंट पब्लियसचा फेस्ता ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने येतो आणि उन्हाळ्याच्या सणांचं दार उघडतो.

महिना नक्की झाला की गावच्या पॅरिशचं (मुख्य चर्चचं) आणि बँड क्लबचं फेसबुक पान शोधा. तासावार कार्यक्रम तिथेच मिळतो, आणि तोही बहुधा दोन-तीन आठवडे आधीच. म्हणून आधी फक्त आठवडा पक्का करायचा, तपशील नंतर.

गाव कोणतं

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी लहान गाव सुचवेन. चर्चचा चौक, दोन क्लब आणि चार गल्ल्या पायाखालच्या झाल्या की तिसऱ्या दिवशी बारवाला तुम्हाला ओळखतो. मोठ्या गावात ते होत नाही.

माझी पसंती इमआब्बाला. दगडाच्या खाणींच्या शेजारी वसलेलं, जेमतेम काही हजार वस्तीचं हे गाव. एवढ्याशा गावात दोन बँड क्लब, दोन फेस्ते आणि दोन फटाक्यांचे कारखाने. जूनचा तिसरा रविवार लिलीच्या मातेचा, १५ ऑगस्ट सांता मारियाचा. लिलीवाल्यांच्या कारखान्याने १८ जून २०११ रोजी सुमारे ३२ मीटर व्यासाचं फिरतं अग्निचक्र उभं करून जागतिक विक्रम केला. दहा मजली इमारतीएवढं भुईचक्र डोळ्यांसमोर आणा. आणि हे करणारे लोक दिवसा सुतारकाम, नोकरी, दुकान सांभाळणारे, संध्याकाळी कारखान्यात फुकट राबणारे. या कामात स्फोट होऊन माणसं गेली आहेत, त्यामुळे गावात फटाक्यांविषयी बोलताना आवाज जरा खाली आणावा.

१५ ऑगस्टला इमआब्बाबरोबर मोस्ता, रेन्दी, आत्तार्द, गुद्या, आशा आणि गोझोतलं व्हिक्टोरिया अशा सात ठिकाणी सांता मारिया साजरी होते. या तारखेला धर्माच्या पलीकडचाही अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, जर्मन-इटालियन वेढ्यात अडकलेलं बेट उपासमारीच्या टोकाला आलं होतं. मदतीला निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी फक्त ५ पोचली. शेवटचं ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, मोडून बुडायच्या बेतात असलेलं, दोन लढाऊ नौकांच्या आधाराने नेमकं १५ ऑगस्टला राजधानी व्हॅलेटाच्या मोठ्या बंदरात आलं. म्हातारी माणसं आजही त्याला ‘सांता मारियाचा ताफा’ म्हणतात. मोस्ताला गेलात तर चर्चच्या प्रचंड घुमटाकडे बघा. ९ एप्रिल १९४२ रोजी भर प्रार्थनेच्या वेळी जर्मन बाँब तो घुमट फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. घुमटाखाली उभं राहून वर बघताना हे ठाऊक असेल तर मिरवणुकीतल्या माणसांचे चेहरे वेगळे दिसतात.

मात्र सांता मारियाच्या आठवड्यात निम्मं माल्टा सुट्टीवर असतं. छोटी दुकानं, गॅरेज, कारागीर बंद, आणि निम्मे लोक गोझोला. बोटीच्या रांगेत तास-दोन तास गाडीत बसायची तयारी ठेवा, नाहीतर पायी प्रवासी म्हणून चढा.

‘पिका’ बघायची असेल तर गोझोच्या व्हिक्टोरियासारखं ठिकाण नाही. सेंट जॉर्जवाला ‘ला स्तेल्ला’ क्लब आणि कॅथेड्रलच्या सांता मारियाचा ‘लिओने’ क्लब. दोघांची स्वतःची ऑपेरा थिएटरं, ‘आस्त्रा’ आणि ‘ऑरोरा’, एकाच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर! उन्हाळ्यात मिरवणुकीत चुरस, शरद ऋतूत ऑपेरात चुरस. दोन्ही फेस्त्यांच्या वेळी त्याच रस्त्यावर घोड्यांच्या शर्यतीही होतात.

उन्हाळ्यात जमत नसेल तर

मुलांच्या शाळेमुळे किंवा उन्हामुळे जून ते ऑगस्ट नको असेल, तर ईस्टरच्या रविवारी संपणारा आठवडा बघा. गुरुवारी लोक सात चर्चना भेट देतात. त्या संध्याकाळपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात आणि त्यांच्याऐवजी लाकडी खुळखुळ्यासारखं एक यंत्र वाजवलं जातं. शुक्रवारी झेब्बूज, ओर्मी, झेय्तून, व्हॅलेटा अशा ठिकाणी ख्रिस्ताच्या यातनांच्या मोठ्या मूर्ती खांद्यावरून निघतात. मागून पांढऱ्या झग्यातली, चेहरा झाकलेली माणसं अनवाणी, घोट्याला साखळदंड बांधून चालतात. नवस फेडायला. दगडी रस्त्यावर लोखंड घासण्याचा तो आवाज मिरवणूक दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येतो. रविवारी सकाळी बिर्गूला जा. पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती शेवटच्या टप्प्यात चक्क धावत नेतात, टाळ्या आणि आरोळ्यांत. शुक्रवार आणि रविवार दोन्ही पाहिल्याशिवाय यातला एकही पुरता पोचत नाही. घरोघर ‘फिगोल्ला’ मिळेल: आत बदामाचं सारण, वर साखरेची नक्षी, आकार मासा, ससा किंवा हृदयाचा. त्याआधीच्या उपासाच्या दिवसांत ‘क्वारेझिमाल’ खा. बदाम, मध, संत्र्याची साल, आणि परंपरेने अंडं-लोणी वर्ज्य. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला बेटावर निर्धास्त खाता येईल अशी ही गोड वस्तू.

उन्हाळ्यातच, पण गावच्या फेस्त्यापेक्षा वेगळं काही हवं असेल तर इमनार्या, २८ आणि २९ जून. आदल्या रात्री राबातजवळच्या बुस्केतच्या झाडीत शेतमालाचं प्रदर्शन, सशाचं कालवण, दारू आणि ‘आना’ गाणारे. ‘आना’ म्हणजे गिटारच्या साथीने गायचं लोकगीत. त्यातल्या सवाल-जवाबाच्या प्रकारात दोन गायक समोरासमोर उभे राहून जागच्या जागी रचना करतात. शाहिरीतली कलगी-तुऱ्याची झटापट ऐकलेल्या कानांना त्याची नस लगेच सापडते, शब्द न कळताही. दुसऱ्या दिवशी दुपारी सआय्याच्या चढावर खोगीर न घालता घोड्यांची आणि गाढवांची शर्यत. जिंकणाऱ्याला कापडी निशाण मिळतं. पूर्वी ते गावच्या चर्चला वेदीवर घालायला देत. जुन्या लग्नाच्या करारात नवऱ्याने बायकोला दर वर्षी इमनार्याला न्यायचं कबूल केलेलं असे, असं तिथे सगळेच सांगतात.

८ सप्टेंबरला मोठ्या बंदरात होड्यांच्या शर्यती असतात. १५६५ च्या तुर्की वेढ्यातून सुटकेचा हा दिवस. कार्निव्हल व्हॅलेटात रंगीत आणि मुलांसाठी सोयीचा. गोझोतल्या नादुर गावचा कार्निव्हल मात्र रात्रीचा आणि काळोखा. मुखवटे घातलेली माणसं आवाज ओळखू येऊ नये म्हणून बोलतही नाहीत. लहान मुलांना तिथे नेऊ नका.

डिसेंबरमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. नाताळच्या काही आठवडे आधी माल्टीज घरांत बशीत ओला कापूस पसरून त्यावर ‘जुल्बीना’ नावाच्या कडधान्याचे दाणे पेरतात आणि बशी कपाटात, काळोखात ठेवतात. उजेड न मिळाल्याने कोंब हिरवे होत नाहीत. लांब, पांढरे, म्हाताऱ्याच्या केसांसारखे होतात. ते गव्हाणीतल्या बाळ येशूशेजारी ठेवायचे. एका शेजारणीने कपाट उघडून मला ती बशी दाखवली, तेव्हा मला आमच्या घटाभोवतीच्या मातीतले पिवळे कोंब आठवले. नवव्या दिवशी आजी ते उपटून कानावर खोवायला द्यायची. मी तिला घटस्थापना समजावून सांगितली. ती म्हणाली, मग तुमचेही अंधारातच वाढतात.

व्हिसा आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि नियमाने किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून जूनच्या सणासाठी मार्चमध्येच कामाला लागा. प्रौढांना शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा हवा. तुमच्या दौऱ्यात इटलीही असेल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. वाटेत विमान बदलावं लागतं. प्लग ब्रिटिश, तीन पिनांचा. वाहनं डावीकडून.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे: गावातच राहा, पण चर्चच्या चौकात नको. सकाळी आठ वाजता ‘मुर्ताली’ सुटतात. हे नुसत्या आवाजाचे गोळे. खिडक्यांची तावदानं थरथरतात. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. चौकापासून दहा मिनिटं चालत अंतरावर खोली घेतली तर झोपही मिळते आणि रात्री बारानंतर बसची काळजी राहत नाही. गावात खोली नाही मिळाली तर व्हॅलेटा किंवा फ्लोरियाना धरा, कारण बहुतेक बसगाड्या तिथून सुटतात. फेस्त्याच्या दिवसांत बसचे मार्ग बदलतात. नेहमीच्या थांब्यावर लावलेला कागद वाचल्याशिवाय उभे राहू नका. मी एकदा पाऊण तास अशा थांब्यावर काढला जिथे त्या दिवशी बस येणारच नव्हती. ॲपवरून टॅक्सी बोलवायची तर आधी चालत गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला या. आतले रस्ते बंद असतात.

गोझोला जायचं तर उत्तरेच्या चिरकेव्वा धक्क्यावरून बोट, साधारण २५ मिनिटं. तिकीट येताना काढायचं असतं, जाताना कोणी विचारत नाही म्हणून गोंधळू नका. व्हॅलेटाहून जलद बोटही आहे, ती फक्त प्रवाशांसाठी, पाऊण तासाच्या आसपास.

सामानात सुती कपडे, पूर्ण झाकणारे बूट, टोपी, कानात घालायचे बोळे, आणि चर्चमध्ये जाण्यासाठी खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी. उन्हाळी कपड्यांवर एक ओढणी पुरते. सुती आणि बंद बूट का, ते शनिवारी कळेल.

आठवडा, दिवसागणिक

गावागणिक दिवस थोडे मागेपुढे होतात, पण चाल साधारण अशीच.

मुख्य रविवारच्या आधी काही दिवस, कुठे आठवडाभर, ‘ह्रुज मिन-निच्चा’ होतं, म्हणजे मूर्ती कोनाड्यातून बाहेर काढणं. पर्यटक याला जवळजवळ नसतातच. कृपा करून हे चुकवू नका. वर्षभर काचेमागे उभी असलेली मूर्ती चर्चच्या बाजूच्या कोनाड्यात असते. चर्च गच्च भरतं. बँडमधले काही जण आत येऊन उभे राहतात. पडदा सरकतो, मूर्ती हळूहळू पुढे येते, आणि त्या क्षणी टाळ्या, घंटा, बाहेर मुर्ताली, सगळं एकदम. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात उभे होते. टाळ्या वाजवता वाजवता रडत होते, आणि रडणं पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच रडत राहिले. लालबागला पहिल्या दर्शनाला असं रडणारी माणसं मी पाहिली आहेत. चर्चमध्ये मागच्या बाजूला उभे राहा, फोन खाली ठेवा, आणि वाट मोकळी सोडा. मूर्ती तिथूनच जाणार असते.

सोमवार ते बुधवार सजावट बघण्याचे दिवस. दिवसाउजेडी गल्ल्या फिरा. रस्त्यावर आडवे मोठे रंगीत कापडी पडदे, दोन्ही बाजूंना उंच लाकडी चौथऱ्यांवर संतांचे पुतळे, गच्च्यांवर झेंडे, चर्चच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या माळा. संध्याकाळी उघड्या दारांतून लोकांच्या घरातला दर्शनी दिवाणखाना दिसतो. लाल रेशमी कापडं, चांदीची भांडी, काचेखाली ठेवलेली छोटी मूर्ती. दार मुद्दामच उघडं ठेवलेलं असतं. थांबून ‘इल-फेस्ता त-तायबा’ म्हणा, सण सुखाचा जावो. नव्वद टक्के वेळा आत बोलावतात.

याच दिवसांत क्लबमध्ये जा. बार सगळ्यांना खुला असतो. एक ‘किन्नी’ घ्या. हे कडू संत्र्याचं स्थानिक पेय पहिल्या घोटाला कोणालाच आवडत नाही, तिसऱ्याला आवडतं. फलकावरच्या कार्यक्रमाचा फोटो काढा, आणि दुसऱ्या क्लबविषयी या क्लबात काही विचारू नका. क्लबच्या मदतपेटीत पाच-दहा युरो टाका. ही सगळी वर्गणीवर चालणारी कामं आहेत.

गुरुवार-शुक्रवारी रात्री बँडच्या मिरवणुका आणि आकाशातली पहिली आतषबाजी.

शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास बऱ्याच गावांत चर्चमध्ये आभारस्तोत्र गातात, घंटा आणि मुर्ताली एकत्र वाजतात. लहान मुलं असतील तर कान झाका आणि बंदिस्त गल्लीत उभे राहू नका. तिथे आवाज दुप्पट होतो. कुत्री-मांजरी बिचारी पलंगाखाली जातात. आवाजाबद्दल आणि धुराबद्दल गावातही तक्रार करणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. संध्याकाळी चौकातल्या सजवलेल्या मंचावर बँड बसून वाजवतो. आकाशातली आतषबाजी दहा-अकराच्या पुढे. ती चौकातून नव्हे, गावाच्या कडेच्या शेताच्या बांधावरून बघा. कुठून, ते बारमध्ये विचारा. ती संपली की लगेच चौकाकडे चला, कारण मध्यरात्रीच्या सुमारास ‘जिग्गिफोगू’ सुरू होतं. उंच खांबांवर बसवलेली यांत्रिक अग्निचक्रं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं उमलत जाणारी, दातेरी चाकं आणि पट्ट्यांवर फिरणारी. घड्याळजीच्या कामाला आग लावल्यासारखं. ठिणग्या गर्दीवर पडतात. म्हणून सुती कपडे. कृत्रिम धाग्याचा कुर्ता एका ठिणगीने भोकं पडून वितळतो. वारा कुठून येतोय ते बघा आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहा.

खाणं याच रात्री. ‘इमआरेत’ची गाडी वासावरून सापडते: बडीशेपेसारख्या वासाचं पातळ लाटलेलं पीठ, आत खजुराचा लगदा, शंकरपाळ्यासारखे तिरके तुकडे, कढईत तळून कागदात. गरम असतानाच खा, पण पहिला घास जपून, खजूर जीभ भाजतो. ‘उब्बाय्त’ म्हणजे बदामाची चिक्कीवजा मिठाई. काळी कडक, पांढरी मऊ. पांढरीत अंड्याचा पांढरा भाग असतो. ‘पास्तित्सी’ रिकोत्ता चीजची किंवा वाटाण्याची असते, पण कडक शाकाहारी असाल तर पिठात कोणती चरबी आहे ते विचारा. परंपरेने डुकराची वापरत. टोमॅटो चोळलेला, तेल घातलेला पाव घेताना ‘ट्यूना नको’ असं आधी सांगा. बाकीच्यांनी सशाचं कालवण गावातल्या साध्या खानावळीत बसून खावं, गाडीवर नाही.

रविवारी सकाळची मिस्सा लांब आणि गंभीर. दुपारची मिरवणूक त्याच्या अगदी उलट. तरुण पोरं-पोरी क्लबच्या रंगाचे शर्ट घालून, बँडच्या तालावर, उन्हात घामाने निथळत ओरडत-गात जातात, दारूही भरपूर. सज्जांवरून कागदाचे कपटे पोत्यांनी ओततात. गल्ली पांढरी होते, खाली टाकलेलं पाऊल घोट्यापर्यंत बुडतं. आपली ढोल-ताशाची मिरवणूक आठवली तर नवल नाही. वयस्कर माणसांनी आणि लहान मुलांनी हे एखाद्या पायरीवरून किंवा वरून बघावं. मध्ये शिरलात तर बाहेर पडायला अर्धा तास लागतो.

संध्याकाळी परत झोपून, आंघोळ करून या. तेच लोक आता इस्त्रीच्या कपड्यांत असतात. सहा-सातच्या सुमारास मूर्ती चर्चच्या दारात येते. खांदेकरी पांढऱ्या झग्यात, दांड्याखाली खांद्यावर गादी, उंची जुळवून लावलेले. पायऱ्या उतरताना चौक गप्प होतो, फक्त म्होरक्याचा एक शब्द आणि बुटांचा आवाज. मग बँड सुरू. मिरवणुकीबरोबर सगळं गाव फिरू नका. एखाद्या अरुंद वळणावर जागा धरून बसा. तिथे मूर्ती वळवताना खांदेकऱ्यांचा खरा कस लागतो. रात्री दहाच्या आसपास मूर्ती परत चर्चपाशी येते. दारात दोन-तीनदा पुढे-मागे होते, आत जायला नकोच असल्यासारखी. लोक पाय निघत नसल्यासारखे गात राहतात.

त्यानंतर बहुतेक पाहुणे निघून जातात. तुम्ही परतीचं विमान सोमवारचं काढू नका, मंगळवारचं काढा. सोमवारी ‘शालाता’ असते. क्लबची माणसं सजवलेल्या ट्रकांतून, बायकापोरं, सुरया-डबे, उरलेले झेंडे घेऊन समुद्रावर जातात. बँडमधले दोघं-तिघं वाद्यं घेऊन पाण्यात गुडघाभर उभे राहतात आणि तीच रात्रीची धून वाजवतात, आता अगदी सैल लयीत. आठवडाभर क्लबच्या बारमध्ये बसलेल्या माणसाला ट्रकात जागा मिळते. मला मिळाली होती, फळीच्या टोकाला, एका ट्रम्पेटवाल्याच्या आईशेजारी. तिच्या केसांत कालचे कागदाचे कपटे तसेच होते.